पर्ल हार्बरची ॲरिझोना, आणि बाबांसोबत ओआहू

गुरुवार – होनोलुलू

आई-बाबा डोंबिवलीहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे सॅन होजेला आलेत. त्यांना कुठे न्यायचं यावर घरात बरीच चर्चा झाली, लास वेगास, ग्रँड कॅनियन, नायगारा अशी नेहमीची यादी निघाली, पण बाबांनी एकच नाव घेतलं, पर्ल हार्बर, हवाईच्या ओआहू बेटावरचं ते बंदर जिथे १९४१ मध्ये जपानने हल्ला केला. बाबा रिटायर होईपर्यंत माझगाव डॉकमध्ये फिटर होते, जहाजाचा विषय निघाला की त्यांचा चेहराच बदलतो. "तिथे ॲरिझोना नावाची एक बुडालेली बॅटलशिप आहे, वर काढलीच नाही, तिच्यावरच स्मारक बांधलंय, ते मला डोळ्यांनी बघायचंय" म्हणाले. मग विषयच संपला, तिकिटं काढली.

थेट विमान आहे, साडेपाच तासांच्या आसपास, खाली सगळा वेळ नुसतं पाणी आणि मग एकदम हिरवे डोंगर. एअरपोर्टच्या बाहेर पडलो आणि आईने पहिली गोष्ट ओळखली ती चाफा, पांढरा, पिवळा, गुलाबी, जिकडेतिकडे चाफाच, लोकांच्या गळ्यात पण चाफ्याचेच हार. पार्किंग लॉटमध्ये साळुंक्या भांडत होत्या. मी नंतर वाचलं तर त्या खरोखरच आपल्याकडच्या, १८६५ मध्ये कुरणातल्या अळ्या खायला म्हणून भारतातून आणल्या होत्या. मुंगूस पण दिसलं, रस्ता क्रॉस करून झुडपात गेलं. उसाच्या मळ्यातले उंदीर मारायला १८८३ मध्ये जमैकामार्गे आणलेली ही मूळची कलकत्त्याकडची जात, पण उंदीर रात्री फिरतात आणि मुंगूस दिवसा, त्यामुळे उंदीर राहिले आणि इथल्या बिचाऱ्या पक्ष्यांची अंडी मात्र गेली.

संध्याकाळी वायकीकीला चक्कर मारली. मोआना हॉटेलच्या अंगणात १९०४ मध्ये लावलेला भलामोठा वड आहे, आईने त्याला हात लावून नमस्कार केला. बाकी वायकीकी म्हणजे गर्दी, दुकानं आणि महाग जेवण, त्यावर वेगळं लिहिण्यासारखं काही नाही.

तिकिटाचं मात्र सांगते कारण सगळ्यांना तेच विचारायचं असतं. ॲरिझोनाला जायला पैसे नाहीत, फक्त ऑनलाइन बुकिंगची एक डॉलर फी. स्लॉट आठ आठवडे आधी सुटतात आणि थोडे आदल्या दिवशी दुपारी ३ वाजता (हवाईची वेळ) परत सुटतात. आम्ही आठ आठवडे आधीच सकाळचा स्लॉट धरला होता आणि सकाळचाच घ्या, दुपारी वारा वाढला की बोटी बंद ठेवतात असं तिथले लोक सांगतात.

शुक्रवार – ॲरिझोना

सकाळी लवकर निघालो. बॅग आत नेता येत नाही, पर्स नाही, कॅमेऱ्याची पिशवी नाही, डायपर बॅगसुद्धा नाही, बाहेर लॉकर आहेत तिथे ठेवायचं. पाण्याची बाटली चालते.

आमचा स्लॉट व्हायला वेळ होता म्हणून आधी दोन्ही गॅलऱ्या बघितल्या. एक युद्धापर्यंत गोष्टी कशा गेल्या त्याची आणि दुसरी प्रत्यक्ष हल्ल्याची. पहिली गॅलरी मला फार आवडली कारण तिथे जपानची बाजू पण सांगितलीये, चीनमधलं युद्ध, तेलाची बंदी, टोकियोतली माणसं काय विचार करत होती, नुसतं 'त्यांनी दगा दिला' एवढ्यावर थांबत नाहीत. पोरगा नऊ वर्षांचा आहे, त्याला विमानवाहू जहाजाच्या मॉडेलपासून हलवता येईना. सहा विमानवाहू जहाजं आणि ३५३ विमानं, दोन लाटांत, रविवार ७ डिसेंबर १९४१, सकाळी ८ ला पाच-सात मिनिटं कमी. जहाजांवर झेंडा चढवायची वेळ ८ ची असते, म्हणजे कित्येक जहाजांवर बँडवाले वाद्यं घेऊन डेकवर उभे होते तेव्हा पहिली विमानं आली.

ॲरिझोनाचा बँड तर सगळाच्या सगळा गेला. २१ जण. आदल्या रात्री बंदरात जहाजांच्या बँडची स्पर्धा होती, ॲरिझोनाचे हे लोक ऐकायला गेले होते, त्यांची फायनलला निवड आधीच झाली होती. फायनल कधी झालीच नाही, आणि मग बाकीच्या बँडवाल्यांनी ठरवून ती ट्रॉफी कायमची ॲरिझोनाच्या नावाने केली. हे वाचलं तेव्हा मी तिथेच दोन मिनिटं उभी राहिले. १८-२० वर्षांची पोरं होती हो बहुतेक.

बाहेर ॲरिझोनाचा नांगर ठेवलाय. बाबा त्याच्याभोवती एक फेरी मारून आले, कडी न् कडी बघितली. मग म्हणाले १९१५ ला पाण्यात उतरवलेलं जहाज, तेव्हा वेल्डिंग नव्हतं, सगळं रिव्हेटिंग, लाल तापवलेला रिव्हेट एकाने फेकायचा, दुसऱ्याने डब्यात झेलायचा, तिसऱ्याने ठोकायचा, एकेका जहाजाला लाखांनी रिव्हेट. ब्रुकलिनच्या नेव्ही यार्डात बांधलं ते, लांबी १८५ मीटर. "ज्यांनी बांधलं त्यांना बातमी कळली असेल तेव्हा काय वाटलं असेल" असं म्हणाले आणि पुढे चालायला लागले. मी इतकी वर्षं बाबांचं काम म्हणजे पगार आणि शिफ्ट एवढंच धरून चाललेले, त्यांच्या हातून गेलेल्या जहाजांबद्दल त्यांना असं काही वाटत असेल हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मग थिएटरमध्ये फिल्म आणि तिथून थेट बोटीत. बोट नेव्हीची, चालवणारी मुलं-मुली नेव्हीच्या पांढऱ्या गणवेशात. अंतर फार नाही पण पाण्यातून जाताना एका बाजूला पांढरे काँक्रीटचे मोठे ठोकळे दिसतात, त्यांच्यावर काळ्या अक्षरात जहाजांची नावं. हीच ती बॅटलशिप रो, त्या सकाळी इथे सात बॅटलशिप बांधलेल्या होत्या, आठवी ड्राय डॉकमध्ये. ठोकळे अजून तसेच उभे आहेत आणि त्यांच्यामुळे कोण कुठे होतं हे लगेच डोळ्यासमोर येतं.

स्मारक म्हणजे पांढरी लांबट इमारत, ५६ मीटर, जहाजाच्या मध्यावर आडवी, पण जहाजाला कुठेही टेकलेली नाही, दोन्ही बाजूंनी वेगळे खांब रोवून त्यांच्यावर पेललीये. दोन्ही टोकांना उंच आणि मधे खाली वाकलेली. तिचा आर्किटेक्ट आल्फ्रेड प्राइस, मूळचा व्हिएन्नाचा, नाझींपासून जीव वाचवून १९३९ ला होनोलुलूत आला होता. आणि पर्ल हार्बर झाल्यावर अमेरिकनांनी त्यालाच शत्रू देशाचा नागरिक म्हणून इथल्याच सँड आयलंडवर काही महिने डांबून ठेवलं! त्याच माणसाने वीस वर्षांनी हे उभं केलं. मधला वाक म्हणजे सुरुवातीची हार आणि टोकं म्हणजे शेवटचा विजय असं त्याने सांगितलं होतं, पण दुःखाचा सूर वरचढ नको, ज्याला जे वाटेल ते वाटू दे, असाही त्याचा विचार होता. मला ही इमारत फार म्हणजे फार योग्य वाटली. भिंतीला आणि छताला मिळून २१ मोठ्या मोकळ्या खिडक्या आहेत, वारा आरपार जातो, कुठेही पुतळा नाही, तोफ नाही, घोषणा नाही.

पैसे कसे जमले तेही इंटरेस्टिंग आहे, सरकारने सगळे दिले नाहीत, लोकांकडून वर्गणी काढली, आणि ती रखडली तेव्हा मार्च १९६१ मध्ये एल्विस प्रेस्लीने इथल्या ब्लॉक अरीनात फुकट कार्यक्रम केला, त्यातून पन्नास हजार डॉलरच्या वर जमले. ३० मे १९६२ ला स्मारक खुलं झालं.

कठड्यावरून खाली बघितलं की जहाज दिसतं. म्हणजे खरोखर दिसतं, पाणी फार खोल नाही तिथे, तळ साधारण १२ मीटरवर. आधी हिरवट गढूळ वाटतं मग डोळे सरावतात आणि डेकची कड, पाइप, पायऱ्यांसारखं काहीतरी, त्याच्यावर शिंपले आणि शेवाळं, मधून पिवळे काळे पट्टेवाले मासे. एका बाजूला पाण्याच्या वर एक मोठा गंजलेला लोखंडी गोल आलाय, विहिरीच्या कठड्यासारखा. लोक त्याला धुराडं समजत होते, बाबांनी पोराला सांगितलं की हे बार्बेट, तोफेचा टॉवर ज्याच्यावर फिरतो ते चिलखती गोल बांधकाम, हा तीन नंबरचा टॉवर असणार, तोफा काढून नेल्या असतील. बरोबर होतं. मागच्या दोन्ही टॉवरच्या १४ इंची तोफा युद्धात काढून किनाऱ्यावरच्या संरक्षणासाठी वापरायला नेल्या. मास्ट, डेकवरचं बांधकाम, पाण्याच्या वर होतं त्यातलं बरंचसं १९४२-४३ मध्ये कापून काढलं. खालचं जहाज इतकं फाटलं होतं की दुरुस्तीचा प्रश्नच नव्हता.

ज्या बॉम्बने हे झालं तो मुळात बॉम्ब नव्हताच, जपान्यांनी युद्धनौकेच्या मोठ्या तोफेचा चिलखत फोडणारा गोळा घेऊन त्याला मागे पंख लावले होते, वजन ८०० किलोच्या आसपास. साधारण ८ वाजून ६ मिनिटांनी तो पुढच्या दोन नंबरच्या टॉवरजवळ डेक फोडून आत गेला आणि काही सेकंदांत पुढचं दारूगोळ्याचं कोठार उडालं. एका क्षणात अर्धं जहाज गेलं. आग अडीच दिवस जळत होती. १,१७७ माणसं, पर्ल हार्बरमध्ये त्या दिवशी जे २,४०३ अमेरिकन गेले त्यातली जवळजवळ निम्मी एका या जहाजावर. ॲडमिरल किड आणि कॅप्टन व्हॅन व्हाल्केनबर्ग दोघंही पुलावर होते, म्हणजे जहाजाच्या ब्रिजवर, किडची नेव्हल ॲकॅडमीची अंगठी नंतर लोखंडाला वितळून चिकटलेली सापडली.

आणि तेल. ते वर येताना बघायला मिळेल का असं मला वाटत होतं, पण ते शोधावं लागतच नाही. पाच-दहा सेकंद टक लावून बघायचं, खालून एक काळा थेंब येतो, पाण्यावर आला की फुटतो आणि त्याची इंद्रधनुषी चकती पसरत पसरत वाऱ्याबरोबर जाते, मग पुढचा. वास पण येतो. बाबांनी वास घेतल्या घेतल्या सांगितलं, फर्नेस ऑइल. हल्ल्याच्या वेळी टाक्यांत जवळजवळ १५ लाख गॅलन होतं, बरंच जळलं, पण अजून अंदाजे ५ लाख गॅलन आत असेल म्हणतात, दिवसाला दोनपासून आठ-साडेआठ लिटरपर्यंत झिरपतं. पर्यावरणाच्या दृष्टीने ही चिंता आहेच, पण टाक्या फोडून तेल काढायचं म्हणजे कबर उघडायची, म्हणून गंजण्याचा वेग मोजत राहायचं असं नॅशनल पार्कवाल्यांचं धोरण आहे, डायव्हर जाऊन लोखंडाची जाडी तपासतात. मला विचाराल तर हेच बरोबर आहे. बाबांचं मत थोडं वेगळं पडलं, प्लेट आज ना उद्या जाणारच, तेव्हा काय करणार ते आजच ठरवून ठेवलं पाहिजे, ते म्हणाले, आणि लोखंडाबद्दल त्यांचा शब्द माझ्यापेक्षा वजनदार आहे.

शेवटच्या दालनात संगमरवरी भिंत आहे, जमिनीपासून वरपर्यंत नावं. आडनाव, आद्याक्षरं, हुद्दा. भिंतीवर एकाखाली एक फ्री टी. ए. आणि फ्री डब्ल्यू. टी. अशी दोन नावं येतात, ते बापलेक होते, थॉमस आणि विल्यम. एकाच जहाजावर भाऊ-भाऊ तर कितीतरी होते, तीसच्या वर जोड्या, त्यातल्या बऱ्याच जोड्या अख्ख्या गेल्या, त्यामुळे तेच आडनाव सारखं सारखं दिसत राहतं. आई इंग्लिश हळूहळू वाचते, ती पहिल्या रांगेपासून वाचायला लागली, रेंजरने बोट निघायची वेळ सांगितली तेव्हा ती अजून पहिल्या अक्षरांतच होती.

या भिंतीच्या पुढे खाली एक छोटा संगमरवरी बाक आहे, त्याच्यावरही नावं आहेत आणि त्यांच्यापुढे तारखा १९८२ पासूनच्या. मला सगळ्यात जास्त याचं सांगायचंय. स्फोटातून साधारण ३३५ जण वाचले. त्यांच्यापैकी ज्याला वाटेल त्याला मेल्यावर परत जहाजात जाता येत होतं. त्याच्या अस्थींचा कलश नेव्हीचे आणि पार्कचे डायव्हर पाण्याखाली न्यायचे आणि चार नंबरच्या टॉवरच्या बार्बेटमध्ये आत सोडायचे. हा हक्क फक्त त्या दिवशी जे या जहाजाचे होते त्यांनाच होता, आधी कधीतरी ॲरिझोनावर नोकरी केलेल्यांची राख वर पाण्यात सोडता यायची पण आत नाही. चाळीसच्या वर माणसं अशी परत आली. आयुष्य काढलं, लग्नं केली, नातवंडं पाहिली, आणि ९० व्या वर्षी सांगून ठेवलं की मला माझ्या पोरांजवळ नाही, तिथे न्या.

त्यातला शेवटचा लॉरेन ब्रुनर. त्याची गोष्ट अशी की स्फोट झाला तेव्हा तो आणि आणखी पाच जण वर मास्टच्या प्लॅटफॉर्मवर अडकले होते, सगळे भयंकर भाजलेले, खाली पाण्यावर तेल जळतंय. ॲरिझोनाला लागून व्हेस्टल नावाचं दुरुस्तीचं जहाज बांधलेलं होतं, त्याच्यावरच्या जो जॉर्ज नावाच्या खलाशाने दोरी फेकली. व्हेस्टलला तिथून निसटायचं होतं, दोऱ्या कापायचा हुकूम होता, तरी तो दोरी धरून राहिला. सहाही जण जळालेल्या हातांनी लोंबकळत त्या दोरीवरून पलीकडे आले, साधारण ७० फूट. ब्रुनर त्यानंतर ७७ वर्षांहून जास्त जगला, आणि ७ डिसेंबर २०१९ ला त्याच्या अस्थी ॲरिझोनात ठेवल्या, तो असा ४४ वा. जो जॉर्जला ब्राँझ स्टार हे शौर्यपदक मिळालं २०१७ मध्ये, तो वारल्यावर, त्याच्या मुलीने याच स्मारकावर स्वीकारलं. इतका उशीर का लागावा मला कळत नाही, ज्यांना त्याने वाचवलं त्यातल्या दोघांनी म्हातारपणी अक्षरशः पाठपुरावा करून ते मिळवून दिलं.

शेवटचा वाचलेला लू कॉन्टर १ एप्रिल २०२४ ला गेला, १०२ वर्षांचा होऊन. त्याने बायकोशेजारी जागा मागितली होती. आता कोणी उरलं नाही, म्हणजे ब्रुनरनंतर त्या बाकावर नाव चढणार नाही.

जहाजात अजून ९०० च्या वर माणसं आहेत. रोज तिथे झेंडा चढवतात, १९५० पासून, त्यामुळे जहाज अजून नेव्हीच्या सेवेत आहे असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं पण तसं नाहीये, डिसेंबर १९४२ मध्येच ॲरिझोनाचं नाव यादीतून काढलं गेलं. झेंडा आहे तो माणसांसाठी.

परतीच्या बोटीत बाबा म्हणाले, आपल्या नेव्हीची खुकरी. ९ डिसेंबर १९७१, दीवच्या समोर, पाकिस्तानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने, १८ ऑफिसर आणि १७६ खलाशी, कॅप्टन मुल्ला जहाज सोडून गेलेच नाहीत. दीवला किनाऱ्यावर तिचं स्मारक आहे, काचेत मॉडेल ठेवलंय, पण ती खोल समुद्रात आहे, तिच्या माणसांच्या घरच्यांना असं कठड्याला धरून खाली बघायची सोय कधीच मिळाली नाही. दिवसभर ते एवढंच लांब बोलले.

शनिवार – मिसुरी, ओक्लाहोमा, हँगर

मिसुरी आहे ती बंदराच्या मधल्या फोर्ड आयलंड बेटाला, तिथे आपली गाडी नेता येत नाही, शटल बस असते. मिसुरी म्हणजे जिच्या डेकवर २ सप्टेंबर १९४५ ला टोकियोच्या उपसागरात जपानने शरणागतीवर सह्या केल्या ती. १९९८ मध्ये तिला इथे आणलं आणि अशी उभी केलीये की तिचं नाक ॲरिझोनाकडे. एकीकडे युद्धाची सुरुवात, दुसरीकडे शेवट, मधे थोडंसं पाणी. सह्या झाल्या त्या जागी डेकमध्ये गोल पितळी पाटी आहे, सगळे तिथेच फोटो काढतात.

पण मी तुम्हाला सांगीन की उजव्या बाजूला जाऊन कड वाकलीये ती बघा. ११ एप्रिल १९४५ ला ओकिनावाजवळ एक कामिकाझे, म्हणजे जपानचं आत्मघाती विमान तिथे धडकलं, बॉम्ब फुटला नाही, जहाजावरचं कोणी मेलं नाही, वैमानिकाच्या देहाचा काही भाग डेकवर येऊन पडला. खलाशी तो धुऊन समुद्रात टाकणार होते. कॅप्टन कॅलहन म्हणाला नाही, त्याने त्याचं काम केलं, त्याला सैनिकाच्या मानाने निरोप द्यायचा. रात्रीत कापड जोडून जपानचा झेंडा शिवला आणि दुसऱ्या दिवशी सलामी देऊन समुद्रात दफन केलं. आणि या कॅलहनचा सख्खा भाऊ, तो ॲडमिरल होता, १९४२ मध्ये ग्वादालकॅनालला जपान्यांशी लढताना गेला होता. गाइडने हे सांगितल्यावर आमच्या ग्रुपमधलं कोणी पटकन पुढे सरकेना.

मिसुरीच्या जवळच ओक्लाहोमाचं स्मारक आहे, २००७ चं. ओक्लाहोमा टॉर्पेडो लागून काही मिनिटांत उलटी झाली, ४२९ जण गेले. प्रत्येकासाठी एक पांढरा संगमरवरी उभा खांब, जशी खलाशांची रांग कठड्याला उभी राहते तशी मांडणी, आणि खांबावर नाव. लोक फारसे थांबत नाहीत, शटलच्या घाईत असतात. तुम्ही थांबा.

बेटाच्या दुसऱ्या बाजूला यूटा पण अजून पाण्यातच आहे, ॲरिझोनाखेरीज इथे राहिलेलं दुसरं जहाज, पण तिथे साध्या टूरिस्टला सोडत नाहीत, मिलिटरीचं ओळखपत्र लागतं. आतमध्ये पन्नासच्या वर खलाशी आहेत आणि त्यांच्यासोबत एका तान्ह्या बाळाच्या अस्थी, वडील जहाजावर होते, समुद्रात विसर्जन करायला म्हणून कलश लॉकरमध्ये ठेवला होता, ते वाचले पण कलश आत राहिला. आईला हे सांगितलं तर ती बराच वेळ गप्प झाली, मग म्हणाली, सोबत आहे तिला.

विमानांच्या म्युझियममध्ये हँगर ७९ च्या निळ्या काचांना त्या दिवशीच्या गोळ्यांची भोकं अजून आहेत, बदललेल्या नाहीत. पोराने बाबांच्या खांद्यावर बसून मोजायला घेतली. बोफिन पाणबुडी राहिली, पाय दुखायला लागले सगळ्यांचे.

रविवार – नॉर्थ शोअर

गाडी घेऊन बेटाच्या उत्तरेला. हालेइवाला शेव्ह आइस (आपला बर्फाचा गोळाच तो), काहुकूला लसूण घातलेली कोळंबी, आईने मागे राइस जास्त मागून घेतला. समुद्रात कासवं.

काहुकूजवळच ओपानाची टेकडी आहे, वर जाता येत नाही. तिथे त्या सकाळी दोन सोल्जर रडार चालवत होते, लॉकार्ड आणि एलियट, ड्यूटी ७ ला संपली होती पण न्यायला ट्रक आला नाही म्हणून सराव करत बसले, आणि ७ वाजून २ मिनिटांनी स्क्रीनवर कधी पाहिलं नव्हतं एवढं मोठं काहीतरी दिसलं. फोन केला. त्या दिवशी कॅलिफोर्नियाहून बी-१७ विमानं येणार होती, तीच असतील असं समजून ऑफिसरने काळजी करू नका सांगितलं. त्याच्याही आधी बंदराच्या तोंडाशी वॉर्ड नावाच्या डिस्ट्रॉयरने एक छोटी जपानी पाणबुडी बुडवली होती आणि तसा निरोपही पाठवला होता. नवरा म्हणाला की सगळी माहिती होती, फक्त ती एका जागी जमली नाही. मला मात्र त्या दोन पोरांचंच वाटत राहिलं, त्यांनी आपलं काम बिनचूक केलं होतं.

सोमवार – पंचबोल

रात्रीचं विमान होतं, सकाळ मोकळी, म्हणून पंचबोलला गेलो. विझलेल्या ज्वालामुखीच्या वाटीत मिलिटरीची दफनभूमी आहे, १९४९ पासून. दगड उभे नाहीत, गवतात सपाट बसवलेत, त्यामुळे लांबून नुसती हिरवळ वाटते. इथे ४४२ व्या रेजिमेंटची माणसं पण आहेत, जपानी आईबापांची अमेरिकन मुलं, ज्यांच्याकडे ७ डिसेंबरनंतर सगळे संशयाने बघत होते आणि ज्यांनी युरोपात जाऊन जीव दिला. त्यांच्यातला सिनेटर डॅनियल इनोये, लढाईत हात गमावलेला, तोही इथेच. वर पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना भिंतींवर बेपत्ता झालेल्यांची २८ हजारांहून जास्त नावं आहेत, आणि काही नावांशेजारी एक छोटं ब्राँझचं फूल बसवलेलं असतं, म्हणजे तो माणूस आता सापडला.

ओक्लाहोमावरचे जे ओळखता आले नाहीत त्यांना इथे 'अज्ञात' म्हणून पुरलं होतं. २०१५ पासून त्या कबरी उघडून डीएनएवरून ओळख पटवली, साडेतीनशेहून जास्त जणांना नाव परत मिळालं. काहींना घरच्यांनी गावी नेलं, काहींना नावाचा दगड लावून इथेच ठेवलं.

ॲरिझोनावरून त्या वेळी वर काढलेले पण ओळख न पटलेले असे पंच्याऐंशीच्या आसपास जण पण इथेच अज्ञात म्हणून आहेत. त्यांच्या कबरी बराच काळ उघडल्या गेल्या नाहीत, कारण तुलना करायला पुरेशा कुटुंबांचे डीएनए नमुनेच हाताशी नव्हते. मग नातेवाईकांनीच हे काम अंगावर घेतलं, ॲरिझोनावरच्या माणसांच्या पुतण्या-भाच्यांना, त्यांच्या मुलांना अमेरिकाभर शोधून काढून गालाच्या आतला नमुना द्यायला लावतात. बाबांनी विचारलं की आता एवढ्या वर्षांनी चुलतनात्यातला माणूस तरी कसा शोधत असतील. जुनी जनगणना, चर्चची रजिस्टर, वर्तमानपत्रातल्या मृत्यूच्या बातम्या, असं मी वाचलेलं सांगितलं, तर म्हणाले मग होईल, चिकाटीचं काम आहे.